पंचांगाचे राज्यी मुक्त सरदार नेमिले त्याची हकीकत

॥ श्री ॥ कालात्म्याचे चरणी मस्तक ठेवून, तिथी-वारांचे स्वामी जे सूर्य-चंद्र त्यांस साक्ष करून, आणि ज्यांनी आपली विद्या कुलुपात न घालिता चव्हाट्यावर दीप लावावा तैशी मांडिली त्या दूरदेशीच्या अज्ञात कर्त्यांस नमस्कार करून ही हकीकत लिहितो. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सर, माघ मास. पृच्छा जाहली की, राज्यात जुने तख्त जाऊन नवे तख्त कैसे आले, सरदार कोण कोण नेमिले, मध्ये अरिष्ट काय पडिले आणि ते कोणे रीतीने निवारिले, ते यथास्थित लिहावे. त्यास, जे घडले तेच लिहितो, पदरचे काही घालीत नाही.

राज्य म्हणावे तर लहान. पूर्वेस धान्यबाजार, पश्चिमेस नदीचा घाट आणि राजधानी किराणा मालाचे दुकानावरील दोन खोल्यांत. परंतु कीर्ती मोठी. कारण की या राज्यातून दरसाल पंचांग निघते आणि चाळीस गावांत गुढीपाडव्याचे पंचांगवाचन त्याच पंचांगावरून होते. हा शिरस्ता ब्याऐंशी वर्षांचा, मध्ये एक साल खंड नाही. नदीस पूर येऊन छापखान्यात कमरेइतके पाणी शिरले त्या सालीही पाने दोरीवर वाळवून पंचांग निघाले, ऐसे वृद्ध सांगतात. गादीवर वेदशास्त्रसंपन्न हरेश्वरशास्त्री आंबर्डेकर, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, ग्रहगणित अद्याप कागदावर स्वहस्ते करितात आणि डोळे मिटून सांगतात की अमुक दिवशी सूर्य अमुक मिनिटास उगवेल. कारभारी दिगंबरपंत सोनटक्के, जिव्हा तीक्ष्ण, मन मऊ. आणि लेखनाधिकार मंदाकिनीबाई उपळेकर यांजकडे. बाईंनी सव्वीस वर्षे पंचांगाचे प्रत्येक अक्षर, प्रत्येक आकडा, प्रत्येक टीप आपल्या बोटांनी संगणकयंत्रात उतरविली होती, ऐसे की राज्यात म्हण पडली, गणित शास्त्रीबुवांचे आणि अक्षर मंदाताईंचे.

ऐसे सुखरूप चालत असता परमुलखीच्या बादशाहीतून फर्मान आले. आमचे जुने तख्त, म्हणजे यंत्र चालविणारी मूळ प्रणाली, ज्या यंत्रावर आहे त्याचे रक्षण आश्विन वद्य अष्टमीपासून आम्ही करणार नाही, नवे तख्त घ्यावे आणि नव्या तख्तास नवे यंत्र घ्यावे, ऐसा मजकूर पडद्यावर रोज सकाळी उमटो लागला. राज्याचे यंत्र चौदा वर्षांचे. त्यास नवे तख्त पेलवेना. मग दिगंबरपंतांनी बाजारपेठेतील रियाजभाई मणेरी यांस पाचारण केले. हे यंत्रवैद्य, वय पंचेचाळीस, बोलणे थोडके, खिशात सदा लहानसा पेचकस. त्यांनी यंत्राची पाठ उघडून धूळ फुंकिली आणि म्हणाले, "यंत्र चांगलं आहे हो. याला हलकं तख्त पाहिजे. लिनक्स बसवू. त्याचे सगळे कामवाले, प्रोग्राम हो, ते पण मोकळे आहेत." दिगंबरपंत म्हणाले, "म्हणजे फुकट! फुकट ते पौष्टिक." रियाजभाई म्हणाले, "फुकट नका म्हणू, पंत. फुकटची वस्तू देणारा उद्या काढून घेतो, आत्ता घेतलंच की. मोकळी म्हणा. आत कसं चालतं ते बघता येतं, आपल्या हातानं बदलता येतं, दुसऱ्याला देता येतं." शास्त्रीबुवा हे ऐकून म्हणाले, "विद्येचं असंच असायला हवं. बसवा. पण कामवाले कोण घ्यायचे ते पत्रिका बघून ठरवू."

आता येथे राज्याची रीत लिहिली पाहिजे. या राज्यात कोणतीही निवड गुणमेलनाशिवाय होत नाही. वधूवरांचे जैसे छत्तीस गुण, तैसे पाणी भरणारा ठेवावयाचा तरी शास्त्रीबुवा कागदावर आठ घरे पाडितात. त्याप्रमाणे मुक्त सरदारांची छत्तीस गुणांची पत्रिका मांडिली. वर्णास एक गुण, तो रूपाचा. वश्यास दोन, हाताखाली मुकाट राहतो की आपलाच हट्ट चालवितो. तारेस तीन, किती वर्षे टिकला. योनीस चार, जुन्या यंत्रास पेलवतो की नाही. ग्रहमैत्रीस पाच, इतर सरदारांशी जमते की नाही. गणास सहा, त्याला घडविणारे लोक जागे आहेत की पांगले. भकूटास सात, त्याने लिहिलेले दुसऱ्यास वाचिता येते की नाही. आणि नाडीस आठ, सर्वांहून अधिक, ती देवनागरी. ज्याच्या नाडीत देवनागरी नाही त्याचे छत्तीसांतील अठ्ठावीस जुळले तरी तो त्याज्य, ऐसा निकाल ठरला. मग नवरात्रभर रियाजभाईंनी आपले मांडीवरील यंत्र आणून एकेक सरदार दरबारात उभा करावा, मंदाकिनीबाईंनी त्याजकडून "श्री" ऐसे एक अक्षर लिहवून घ्यावे, ते उमटले की शास्त्रीबुवांनी नाडीचे आठ गुण द्यावे, ऐसा क्रम चालला.

आणि चिटणिशी लिब्रे ऑफिस यांस मिळाली, गुण एकतीस, कारण लेखन तेच, कोष्टक तेच, आणि त्यांनी लिहिलेले कोणीही उघडावे. जाळ्यावरून खबर आणावयाची जासुदी फायरफॉक्स यांस आणि डाक थंडरबर्ड यांस. चितारी म्हणोन गिंप आले, आणि राशिचक्राच्या रेघा ओढावयास इंकस्केप आले, त्यांनी वर्तुळाचे बारा भाग असे नेमके केले की शास्त्रीबुवांनी कंपास खाली ठेविला. पाने मांडावयाचे काम स्क्राइबस यांस. एक सरदार, नाव लिहीत नाही, रूपाने फार देखणा, झिरमिळ्या लावून आला. दिगंबरपंत मोहित होऊन म्हणाले, "हाच घ्या, याच्याकडे बघत राहावंसं वाटतं." मंदाकिनीबाई म्हणाल्या, "पंत, बघायचा नाहीये, राबवायचाय." तो गेला. मग स्टेलेरियम आले. हे आकाशाचे दरबारी. रियाजभाईंनी खिडक्या लावून पडद्यावर नभोमंडल उघडिले आणि शास्त्रीबुवांनी परीक्षा घेतली, आज शुक्र कोठे, शनी कोठे, चंद्र कोणत्या नक्षत्री. उत्तर पडद्यावर आले ते बुवांच्या कागदाशी जुळले. त्या समयी बुवांनी हात जोडिले आणि बोलिले, "छत्तीसपैकी छत्तीस." दिगंबरपंत म्हणाले, "बुवा, नाडी बघायची राहिली." बुवा म्हणाले, "आकाशाला नाडी विचारतोस होय रे?" सर्व दरबार हसला. शेवटी मंदाकिनीबाईंनी भूपाळ्या ऐकावयास व्हीएलसी यांस मागून घेतले. परंतु या गुणमेलनात आणि वादात दसरा निघून गेला, आणि तख्त बदलावयास साडेतीन मुहूर्तांपैकी उरला तो अर्धाच, बलिप्रतिपदेचा.

कार्तिक शुद्ध प्रतिपदा, बुधवार. सकाळी पूजा जाहली, यंत्रास झेंडूची माळ घातली आणि रियाजभाई कामास बसले. आता यंत्रात काय होते ते ध्यानी घ्यावे. येणारे संवत्सर शके १९४८, नाव पराभव, त्यात ज्येष्ठ अधिक, म्हणोन महिने तेरा आणि पाने सालाबादहून जास्ती. त्यांपैकी आठ महिने मंदाकिनीबाईंनी लिहून पुरे केले होते. शिवाय व्रते, निर्णय, मुहूर्त, सव्वीस वर्षांचे सर्व लेखन तेथेच. आणि छापखानेवाल्यांनी निक्षून सांगितले होते की, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस दुपारी बारापर्यंत पाने येतील तर छापू, पुढे दिनदर्शिका आणि लग्नपत्रिकांचा हंगाम, मग फाल्गुनाशिवाय यंत्र मोकळे नाही. फाल्गुनात छापिलेले पंचांग चाळीस गावी पाडव्यास पोहोचत नाही. सारांश, पंचमी चुकली तर ब्याऐंशी वर्षांची परंपरा खंडली.

रियाजभाईंनी सर्व लेखन लहानशा खिशातल्या साठवणीत उतरवून घेतले, ही त्यांची सवय, कोणी सांगितले नव्हते. मग म्हणाले, "शास्त्रीबुवा, जुनं तसंच राहू द्या, नवं त्याच्या शेजारी बसवतो. दोन्ही चालतील. चार दिवस वापरून बघा, मग जुनं पुसू." बुवा म्हणाले, "एका राज्यात दोन तख्तं? भाऊबंदकी पाहिजे काय?" रियाजभाई म्हणाले, "मग निदान मंदाताईंचं एक पान नव्यात उघडून बघू. दीड तास लागेल मांडामांड करायला." बुवांनी भिंतीवरील घड्याळ पाहिले. साडेअकरा. आणि बुधवारचा राहुकाळ बारापासून दीडपर्यंत. म्हणाले, "रियाज, बाराच्या आत तख्त बसलं पाहिजे. गुण बघितले, नाडी बघितली, अजून काय बघायचं राहिलं? शुभस्य शीघ्रम्. पूस." रियाजभाईंनी मंदाकिनीबाईंकडे पाहिले. बुवांचे शब्दापुढे बोलण्याची बाईंस सवय नव्हती. आणि अकरा वाजून बावन्न मिनिटांनी जुने तख्त पुसिले, नवे बसले, पेढे वाटिले. दिगंबरपंत म्हणाले, "आठ मिनिटं शिल्लक! राहूला पत्ता नाही लागला."

राहूस पत्ता लागला होता. राहुकाळ सरल्यावर मंदाकिनीबाईंनी खिशातल्या साठवणीतून चैत्राचे पान उघडिले, तो पडद्यावर चैत्र नाही, तिथी नाही, काहीच नाही. रोमन अक्षरे, कंस, टिंबे, चलनांच्या खुणा, एकास एक चिकटून, जैसे वाऱ्याने उडविलेला पाचोळा. वैशाख उघडिला, तोच पाचोळा. सव्वीस वर्षे उघडिली, सव्वीस वर्षे पाचोळा. लिब्रे ऑफिस यांचा अपराध नाही, त्यांस जे दिले ते त्यांनी दाखविले. कारण ऐसे की, बाईंचे लेखन ज्या जुन्या अक्षरवळणात, ज्यास हल्ली फॉन्ट म्हणतात, होते ते वळण म्हणजे मुखवटा. आत साठलेले रोमन, वरून दिसावयाचे देवनागरी. मुखवटा जुन्या तख्तात होता, त्याला नक्कल करू न देणारे लहानसे कुलूप होते, आणि ज्या कारखान्याने ते कुलूप घडविले तो दहा वर्षांमागे बंद पडिला. तख्त पुसिले तेव्हा मुखवटाही पुसिला. "श्री" लिहिता येते ही नाडी पाहिली, परंतु आपले लिहिलेले वाचिता येते की नाही हे कोणी पाहिले नाही.

मग दरबारात शोक. रियाजभाईंनी तीन शहरांत फोन केले, ते वळण कोणाजवळ नाही, जेथे होते तेथे कुलूप उघडेना. मंदाकिनीबाई खुर्चीवर तशाच बसल्या, हात मांडीवर पालथे, आणि म्हणाल्या, "सव्वीस वर्षं मी काय लिहिलं, हे?" दिगंबरपंतांनी पाण्याचा पेला दिला आणि समजावणीस लागले, "अहो, एक साल नाही निघालं तर आभाळ कोसळतं काय?" तेव्हा शास्त्रीबुवा उठिले. म्हणाले, "आभाळ कोसळत नाही, दिगंबर. पण आभाळात काय चाललंय ते चाळीस गावांनी कुणाला विचारायचं? ऐका सगळे. मुहूर्त माझा होता, चूकही माझी. रियाजनं दोनदा सांगितलं, मी दोनदा ऐकलं नाही. आज प्रतिपदा. पंचमीला चौतीस दिवस आहेत. पंचांग निघेल." आणि ऐसे बोलून त्यांनी टोपी काढून खुंटीस ठेविली, ती पंचमीपर्यंत घालावयाची नाही ऐसा पण केला.

दुसरे दिवशी रियाजभाई मनसुबा घेऊन आले. म्हणाले, "मुखवटा गेला, पण कुठल्या खुणेमागं कुठलं अक्षर होतं एवढं कळलं तर मी बदलणारा तक्ता लिहीन. सगळं लेखन एका दमात पालटेल. मागल्या सालचं छापील पंचांग द्या, एकेक खूण ताडून बघतो, महिना लागेल." मंदाकिनीबाई म्हणाल्या, "छापील कशाला? मला विचारा." ऐसे म्हणोन त्यांनी यंत्राचा सोडविलेला जुना कळफलक मांडीवर घेतला. तारेने कशासही जोडलेला नाही. डोळे मिटिले. म्हणाल्या, "बुवा, तुम्ही अक्षर सांगा." बुवांनी संथा द्यावी तैसे म्हटले, "क." बाईंचे बोट गेले. रियाजभाईंनी कळ पाहून लिहिली. "ख." बोट गेले. "अर्धा त." दोन बोटे गेली. "श्र." बाई क्षणभर थांबल्या, मग डाव्या करंगळीने एक कळ दाबून धरिली आणि उजव्या हाताने आकडे मारिले, शून्य, एक, सात, सहा. रियाजभाई लिहिताना थांबिले. म्हणाले, "ताई, हे आकडे पण पाठ आहेत?" बाई म्हणाल्या, "मला नाही हो पाठ. यांना आहेत," आणि बोटे दाखविली. दिगंबरपंत दारात उभे होते, एरवी थट्टा करणारे, ते चहा आणावयास निघून गेले. ऐसे दोन दिवस चालले आणि दोनशे चौदा खुणांचा तक्ता जाहला. कारखाना बंद पडिला, कुलूप राहिले, परंतु किल्ली बाईंच्या हातांत सव्वीस वर्षे जपलेली होती.

तक्ता चालविला तो पाचोळ्यातून चैत्र उगवला. प्रथम वेड्यावाकड्या वेलांट्या आल्या, त्या सारिख्या केल्या, मग रफार जागी बसले, मग "श्रीगणेशाय नमः" ऐसे स्वच्छ दिसले. बाई रडिल्या नाहीत. म्हणाल्या, "वैशाख काढा." परंतु पाच महिने लिहावयाचे उरले होते, आणि नव्या तख्ताची कळमांडणी निराळी, बाईंचे बोट जाई एकीकडे आणि अक्षर उमटे दुसरेच, दिवसाकाठी अर्धे पान होईना. "मी आता निरक्षर झाले," ऐसे त्या एके दिवशी बोलिल्या. रियाजभाई म्हणाले, "ताई, तुम्ही कशाला बदलताय? त्याला बदलू. मोकळं आहे ना ते." मग त्यांनी जुन्या टंकलेखन यंत्राची कळमांडणी शोधून बसविली, तिच्यातही चार कळा बाईंच्या हातास वेगळ्या वाटल्या, त्याही उघडून फिरविल्या. बाईंनी बोटे ठेविली आणि एक ओळ न थांबता लिहिली आणि म्हणाल्या, "हं. हे माझं." त्या दिवशी चार पाने जाहली, दुसरे दिवशी सात.

आता शेवटचे मोठे काम, मेळ. राज्याची रीत ऐसी की, पान छापावयास जाण्याआधी एकाने मोठ्याने वाचावे, शास्त्रीबुवांनी डोळे मिटून ऐकावे आणि ओळ पटली की "आहे" म्हणावे. दिगंबरपंत म्हणाले, "दिवस पाच उरले, पानं एकशे शहाण्णव. यंत्रानं पालटलंय ते, चुकेल कसं? मेळ एक साल राहू द्या." बुवा म्हणाले, "एकदा घाई केली, तिचं फळ बघितलंस ना? वाच. कठीण ते आधी, अधिक ज्येष्ठापासून." दिगंबरपंतांनी वाचिले, "अधिक ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदा, रविवार." "आहे." "सूर्योदय आठ वाजून पंच्याऐंशी मिनिटे." बुवांनी डोळे उघडिले. म्हणाले, "पंच्याऐंशी मिनिटांचा तास आमच्या गुरुजींनी शिकवला नव्हता, बाबा. आणि ज्येष्ठात सूर्य आठला उठतो? तो काय तुझ्यासारखा कारभारी आहे?" शोध केला तो ऐसे निघाले की, पंचांगात तारखेचे आकडे मोठे आणि वेळेचे बारीक, दोहींच्या खुणा निराळ्या, आणि बारीक आकड्यांचे तक्त्यात पाच आणि आठ यांच्या ओळींची अदलाबदल होऊन पडिली होती. पाच वाजून अठ्ठावन्नचे आठ वाजून पंच्याऐंशी जाहले. जेथे तास-मिनिटे बेढब दिसतील तेथे कोणाच्याही ध्यानी येते, परंतु सहा पंचेचाळीसचे सहा अठ्ठेचाळीस जाहले असते ते कोणास कळणार? चाळीस गावांचे मुहूर्त तीन तीन मिनिटांनी ढळले असते. रियाजभाई कानास हात लावून म्हणाले, "माझ्या हातून झालं, बुवा." बुवा म्हणाले, "झालं ते सापडलं. माझं सापडायला जुनं तख्त पुसावं लागलं." तक्त्यात दोन ओळी फिरविल्या, सर्व पाने पुन्हा पालटिली, आणि पाच दिवस मेळ चालला, सकाळी दिगंबरपंतांनी वाचावे, दुपारी मंदाकिनीबाईंनी, दिगंबरपंतांचा घसा बसला तेव्हा रियाजभाईंनी वाचिले. त्यांनी नक्षत्रांची नावे ऐसी स्वच्छ उच्चारिली की बुवा म्हणाले, "दिगंबर, उद्यापासून तू चहाच आण."

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, मंगळवार. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी शेवटचे पान स्क्राइबस यांनी मांडिले आणि थंडरबर्ड यांनी छापखान्याकडे रवाना केले. बारास दहा कमी असता छापखान्याचा फोन आला की सर्व पाने उघडली, अक्षर एक तुटले नाही, कागद चढवितो. शास्त्रीबुवांनी खुंटीवरील टोपी घेऊन झटकली आणि डोक्यावर ठेविली. मंदाकिनीबाईंनी व्हीएलसी यांजकडून भूपाळी लाविली, भर दुपारी, आणि कोणी हसले नाही.

जेवणे जाहल्यावर रियाजभाई घुटमळत म्हणाले, "बुवा, एक विचारायचं होतं. हे सगळे सरदार आपल्याला मोकळे मिळाले. कुणीतरी कुठंतरी बसून केले आणि वाटेवर ठेवून दिले. आपला दोनशे चौदा खुणांचा तक्ता पण तसाच वाटेवर ठेवला तर? ते जुनं वळण वापरणारे आपल्यासारखे अजून असतील, कुलपात अडकलेले." बुवांनी मंदाकिनीबाईंकडे पाहिले. म्हणाले, "तक्ता बाईंच्या बोटांचा आहे. त्यांना विचार." बाई म्हणाल्या, "माझ्याकडं ठेवून मला काय लोणचं घालायचंय? द्या. फक्त ते पाच-आठ नीट केलेलं पाठवा." रियाजभाईंनी कळ दाबावयास हात उचलिला आणि भिंतीवरील घड्याळ पाहून थबकले. सव्वातीन. मंगळवारचा राहुकाळ तीनपासून साडेचारपर्यंत. इतकी वर्षे बाजारात राहून त्यांसही हे पाठ जाहले होते. म्हणाले, "साडेचारनंतर पाठवतो, बुवा. राहुकाळ आहे." शास्त्रीबुवांनी टोपी सारखी केली, घड्याळाकडे पाठ केली आणि म्हणाले, "दानाला मुहूर्त बघत नाहीत. आत्ता पाठव."

आणि पाठविला. पंधरा दिवसांत कोकणातील एका पाठशाळेचे पत्र आले की, आमचे एकोणीस वर्षांचे लेखन तुमच्या तक्त्याने उघडले, किल्ली देणाऱ्याचे नाव काय, ते कळवावे. मंदाकिनीबाईंनी ते पत्र दोनदा वाचिले, उत्तर त्यांनीच लिहिले, आपल्या कळमांडणीने, एकटाकी.

तात्पर्य लिहितो. सरदार नेमावा तो रूपावर नव्हे, पत्रिकेवरही नव्हे, आपले एक जुने पान त्याच्या पुढ्यात ठेवून नेमावा. नवे उभे राहिल्याशिवाय जुने पुसू नये. यंत्राने केलेल्या कामाचाही मेळ घ्यावा. आणि जे मोकळे मिळाले ते मोकळेच पुढे द्यावे. शके १९४८ पराभवनाम संवत्सराचे पंचांग पौष मासी चाळीस गावी पोहोचले. साल त्र्याऐंशीवे. खंड नाही. लेखन समाप्त.